दहा मीटरची वाट

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात ४५१.४ गुण मिळवले आणि ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य जिंकलं होतं. त्यानंतर महाराष्ट्रातल्या खेळाडूच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिंपिक पदक पडायला बहात्तर वर्षं गेली. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तो नेमबाजी शिकला, पुढं रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. मुलाच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढलं होतं, हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं.

त्या दिवसांत धाराशिव, तुळजापूर, उमरग्याकडच्या पालकांकडून एक प्रश्न कानावर येत राहिला: "आमच्या पोराला हे शिकवायचं, तर न्यायचं कुठं? आणि नेलं तरी आत घेतात का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकाशावर सापडतं. दुसऱ्याचं उत्तर शोधताना भली भली माणसं थकतात, म्हणून हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

धाराशिवला खेळाचं वावडं नाही. खो-खोच्या भारतीय संघाची कर्णधार राहिलेली आणि २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे याच जिल्ह्याची. नोव्हेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा इथं झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची एक स्पर्धाही इथंच भरली, शिवराज राक्षे ती जिंकला. पंचक्रोशीतली माणसं ट्रॅक्टर-टेम्पो करून कुस्ती बघायला येतात, असा हा जिल्हा. पण खो-खोला मैदान आणि दोन खांब पुरतात, कुस्तीला तालीम आणि वस्ताद. नेमबाजीला दार लागतं, आणि त्या दाराला कुलूपही लागतं. ते असायलाच हवं. प्रश्न एवढाच, की किल्ली कोणाकडे आहे आणि ती कोणत्या नियमानं फिरते.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण निम्मे पालक तिथंच माघारी फिरतात. बंदूक म्हटली की परवाना, परवाना म्हटला की पोलीस ठाणं आणि कलेक्टर कचेरी, असं चित्र डोळ्यांपुढं येतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला, त्या प्रकरणानंतर शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी झाली, त्यातले कित्येक परवाने गेले. कमरेला पिस्तूल लावून काढलेले व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. अशा हवेत आपल्या दहावीतल्या मुलीच्या हातात रायफल द्यायची, या विचारानंच आई-बाप कचरतात. त्यांची भीती मला समजते. पण नेमबाजीची सुरुवात ज्या प्रकारानं होते, त्या १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूलला शस्त्रपरवाना लागत नाही. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच व्यासाची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा, एवढ्या मर्यादेतलं हवेवर चालणारं शस्त्र ओळखपत्र दाखवून, विक्रेत्याच्या वहीत नोंद करून रीतसर विकत मिळतं. मुलांसाठी ते पालकांच्या नावानं घ्यावं आणि बिल जपून ठेवावं. लहान गावातलं मूल पहिली दोन-तीन वर्षं केवळ या १० मीटरवर काढू शकतं, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊ शकतं. अंजली भागवत, सुमा शिरूर आणि २०२२ चा विश्वविजेता ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील यांनी मोठं नाव कमावलं ते याच १० मीटर एअर रायफलवर.

कायद्याचा अडसर इतका लहान असेल, तर घोडं अडतं कुठं? ते सदस्यत्वात अडतं.

भाड्याच्या हॉलमध्ये चार लेन टाकून कुणी शिकवणी सुरू करतो, ती अकॅडमी. नोंदणी असलेली, सभासद घेणारी संस्था म्हणजे क्लब. त्याच्या वर जिल्ह्याची संघटना, तिच्या वर महाराष्ट्र रायफल असोसिएशन, आणि सगळ्यांच्या वर नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया. ही राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराण्यातले. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची महत्त्वाची पायरी आहे. राज्य, मग विभाग, मग मावळणकर स्पर्धेसारखी पात्रता आणि शेवटी राष्ट्रीय, असा हा जिना. या जिन्यावर चढायला राष्ट्रीय संघटनेचा शूटर आयडी लागतो, आणि तो मान्यताप्राप्त साखळीतून येतो.

अकॅडमीत फी भरली म्हणजे आपण या साखळीत आलो, असं बहुतेक पालक धरून चालतात. तसं नसतं. अकॅडमीची पावती ही शिकवणीची पावती असते. मूल दोन वर्षं नियमानं सराव करतं, कुठल्याशा 'राज्यस्तरीय' म्हणवणाऱ्या खुल्या स्पर्धेत पदक मिळवतं, घरात फोटो लागतो. मग दहावी-बारावीला क्रीडा सवलतीच्या गुणांचा अर्ज भरायची किंवा नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीची वेळ येते. तेव्हा कळतं की ती स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नव्हतीच. मुलाच्या मेहनतीचं यापेक्षा मोठं नुकसान मला दुसरं दिसत नाही, आणि ते टाळायला प्रवेशाच्या दिवशीची दहा मिनिटं पुरतात. तुमची संस्था कोणत्या नोंदणी क्रमांकाची आहे, राज्य संघटनेशी संलग्न असल्याचं चालू वर्षाचं पत्र कुठं आहे, माझ्या मुलाचा शूटर आयडी कोण काढून देणार आणि कधी, हे विचारावं. पत्र भिंतीवर लावलेलं असेल तर उत्तमच. मागितल्यावर "ते साहेबांकडे आहे" असं उत्तर आलं, तर फी भरण्याआधी राज्य संघटनेकडे थेट विचारणा करावी.

शाळेचा रस्ता याहून सरळ आहे, तरी पालकांना तो फारसा ठाऊक नसतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत नेमबाजी असते. तिथं प्रवेश शाळेमार्फत होतो, क्लबचं सभासदत्व लागत नाही. शाळेच्या क्रीडाशिक्षकानं वेळेत ऑनलाइन नोंदणी केली की झालं. गावोगावच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की शाळेत एकच मूल नेमबाजी करत असलं, तरी त्याची नोंदणी चुकवू नका. एनसीसी हाही असाच दरवाजा. अंजली भागवत मुंबईत एनसीसीतूनच या खेळात आली. कोल्हापूरच्या राही सरनोबतला शाळेत एनसीसीमुळं बंदुकीची ओळख झाली. तिच्याच शाळेत शिकलेली तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, आणि राहीनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. एका शाळेच्या आवारातून हे घडलं, ते शाळेनं दार उघडं ठेवलं म्हणून.

आता क्लबच्या बाजूनं बघू. क्लबचे पदाधिकारी नव्या माणसाला चटकन आत घेत नाहीत, याचा राग येतो. पण त्यांच्या ताब्यात शस्त्रं असतात. कुणी आत घुसून आगळीक केली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. म्हणून वयाचा दाखला, आधार, वैद्यकीय प्रमाणपत्र, प्रौढांसाठी पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, जुन्या सभासदाची शिफारस, हे मागणं रास्त आहे. रास्त नाही ते हे, की अर्ज घ्यायचा, पोच द्यायची नाही आणि महिनोन्‌महिने "कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणत राहायचं. शिफारस करणारा सभासद ओळखीचा नसेल तर शेतकऱ्याच्या किंवा रोजंदारीवरच्या माणसाच्या मुलानं तो आणायचा कुठून? शाळेच्या मुख्याध्यापकाचं किंवा ग्रामसेवकाचं पत्र शिफारस म्हणून चालेल, एवढा एक ठराव क्लबनं केला तरी हा अडथळा संपतो. अर्जाला तारखेसह पोच, ठरावीक मुदतीत लेखी उत्तर, जागा नसेल तर प्रतीक्षा यादी आणि ती सूचना फलकावर. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

क्लब सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर त्याची घटना, विश्वस्तांची नावं आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात. वाद झाला तर पहिलं पाऊल तिथली घटना वाचण्याचं असावं. सभासद कोण होऊ शकतो, कोण काढू शकतो, सर्वसाधारण सभा कधी घ्यायची, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं आणि भांडणारे दोन्ही पक्ष ते क्वचितच वाचतात. एका जिल्ह्यात दोन संघटना, दोघींचाही दावा 'अधिकृत आम्हीच', हे दुखणं आपल्याकडे बहुतेक खेळांना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला, त्यात राष्ट्रीय संघटनांच्या मान्यतेसाठी मंडळ आणि तंट्यांसाठी न्यायाधिकरणाची तरतूद आहे. त्याचा लाभ तालुक्यापर्यंत झिरपायला वेळ लागेल. तोवर पालकांनी कुणाच्याही गटात न शिरता फक्त चालू संलग्नतेचं पत्र पाहावं.

सदस्यत्व मिळालं तरी रेंज उघडी मिळेलच असं नाही. लहान गावात प्रशिक्षक बहुधा एकच, तो कुठल्यातरी शाळेत नोकरी करणारा. तो लग्नाला गेला की रेंज बंद, त्याची निवडणूक ड्यूटी लागली की रेंज बंद. नळदुर्गहून किंवा कळंबहून एसटीनं आलेलं मूल कुलूप बघून परत जातं आणि तिसऱ्या वेळी येतच नाही. उमरग्याच्या मुलाला जिल्ह्याचं ठिकाण नव्वदेक किलोमीटर, परंड्याच्या मुलाला तर बार्शी जवळ. अशा जिल्ह्यात आठवड्याचं वेळापत्रक आधी कळणं ही चैन नाही. एका प्रशिक्षकावर भिस्त न ठेवता दोन-तीन ज्येष्ठ सभासदांना रेंज सांभाळायचं रीतसर शिक्षण द्यावं, किल्ली कोणाकडे आहे ते नोंदवहीत लिहावं, आणि लांबून येणाऱ्यांना शनिवार-रविवारची सलग चार तासांची वेळ राखून द्यावी. रोज एक तास शहरातल्या मुलाला परवडतो, उमरगेकराला नाही. घरी करायचा सरावही असतो. भिंतीवर काळा ठिपका लावायचा, रिकामी रायफल खांद्याला लावायची आणि श्वास धरून चाप ओढायचा. नेमबाजीतला मोठा भाग असा गोळीविना होतो. तो नीट शिकवला तर आठवड्याला एकदाच रेंज मिळणारं मूलही टिकतं.

एका छोट्या शहरातली रेंज मी जवळून पाहिली. साधा हॉल, एका टोकाला टेबलांची रांग, दुसऱ्या टोकाला दिव्यांखाली कागदी टार्गेटं. एअर रायफलच्या टार्गेटचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. टाचणीनं टोचल्यासारखा तो दिसतो, आणि गोळी त्याच्याहून नऊ पट रुंद. एक मुलगी उभी होती, डावी कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेली, रायफल जवळजवळ पाच किलोंची. बराच वेळ नेम धरून तिनं रायफल खाली घेतली, गोळी मारलीच नाही. पुन्हा श्वास, पुन्हा नेम. झाल्यावर तिनं गवत कापायच्या यंत्राची केशरी नायलॉन दोरी नळीतून आरपार घातली. दोरी दिसली की बंदूक रिकामी आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. नळी कायम टार्गेटकडे, दोरी कायम नळीत, शिट्टी झाल्याशिवाय कुणी रेषेपुढं जायचं नाही, आणि जाताना साबणानं हात धुवायचे, कारण छर्रे शिशाचे असतात. ज्या पालकाच्या मनात धास्ती आहे, त्यानं असा एक तास रेंजवर बसून काढावा. शस्त्राची मिजास करणारी रील्स आणि ही खोली यांत किती अंतर आहे, ते त्याला समोर दिसेल.

आत शिरल्यावरची पुढची अडचण हवेची. या रायफलींच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाची हवा भरतात. टायरवाल्याकडचा कॉम्प्रेसर तिथवर पोहोचतच नाही. मग पुण्या-मुंबईहून मोठं सिलिंडर भरून आणायचं किंवा हातपंपानं घाम गाळत भरायचं. क्लबनं उच्च दाबाचा एक कॉम्प्रेसर घेतला तर साऱ्या सभासदांची सोय होते. तो नसलेल्या ठिकाणी कुणाच्या डोक्यात दवाखान्यातला ऑक्सिजन भरायची कल्पना येऊ शकते. तसं कदापि करू नये, स्फोट होतो. जुनी रायफल स्वस्तात मिळाली तर नळकांड्यावरची तारीख आधी पाहावी. दहा वर्षांवरचं नळकांडं स्पर्धेच्या तपासणीत नापास होतं, आणि 'स्वस्त' रायफल तिथं महाग पडते.

पैशाचं म्हणाल, तर परदेशी बनावटीची चांगली एअर रायफल लाखांच्या घरात जाते. त्यावर जाडजूड जॅकेट, पँट, बूट, हातमोजा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूमकडे पिकांबरोबर जमिनीवरची मातीही वाहून गेली. अशा वर्षी तिथल्या घराला वर्षाची फी एकदम भरा म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखं आहे. फीचे हप्ते करावेत. क्लबच्या मालकीच्या दोन-तीन रायफली असाव्यात आणि त्या कुणाला किती वेळ मिळणार हे फळ्यावर लिहिलेलं असावं, नाहीतर ज्याची ओळख मोठी त्याच्या हातात त्या कायमच्या राहतात. भारतीय बनावटीच्या रायफलीवर पहिली दोन वर्षं छान निघतात. मूल वर्षभर टिकल्याशिवाय पालकांनी कर्ज काढून रायफल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलींच्या बाबतीत अडथळे आणखी साधे आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणे आहेत. स्वच्छतागृह नाही, संध्याकाळी सातची बॅच आणि शेवटची एसटी साडेसहाला. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण बस नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? बॅच दुपारी घ्या, पालकाला बसायला खुर्ची द्या, एक महिला रेंजवर हजर ठेवा. अपंग मुलांसाठी तर १० मीटर हा खेळातला सर्वांत मोकळा प्रकार. अवनी लेखरा चाकाच्या खुर्चीतून दोन पॅरालिंपिक सुवर्णांपर्यंत गेली. कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा आला. दाराशी एक उतार आणि एक जरा वेगळ्या उंचीचं टेबल, एवढीच त्यांची मागणी असते.

परवान्याचा विषय येतो तो पुढं, .२२ बोअरच्या बंदुकीच्या टप्प्यावर. वय १२ पूर्ण झाल्यावर प्रशिक्षणासाठी, देखरेखीखाली, बंदूक हाताळायची मुभा कायद्यात आहे, त्यामुळं क्लबच्या परवान्यावरच्या शस्त्रानं सराव होऊ शकतो. स्वतःचा परवाना हवा असेल तर अर्ज ऑनलाइन, सुरक्षा प्रशिक्षणाचं आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलीस अहवाल, आणि निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. अडाणी सल्लागार सांगतात, "सात-बारा मोठा नसेल तर परवाना मिळत नाही." शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिलंय, की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारलाच तर कारणं लेखी मागता येतात आणि विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. निवडणुकीत परवानाधारकांना शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात, तेव्हा रायफल असोसिएशनच्या सदस्य खेळाडूंना त्यातून वगळण्याची तरतूद असते. पण ती आपोआप लागू होईल म्हणून बसू नये, स्पर्धेचं पत्र आणि सदस्यत्वाचा पुरावा जोडून छाननी समितीकडे वेळेत अर्ज द्यावा. प्रवासातही तेच. एअर रायफलला परवाना लागत नसला, तरी बसच्या कंडक्टरला आणि रेल्वे पोलिसाला ते कसं कळणार? कुलूपबंद पेटी, बिल, शूटर आयडी आणि क्लबचं पत्र सोबत असलं की दोन मिनिटांत वाट मोकळी होते.

अंतराचा काच फक्त नवशिक्यालाच असतो, असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वप्नीलच्या वडिलांनी सरकारकडे ज्या मागण्या केल्या, त्यांत सरावाला जाणं-येणं सोपं व्हावं म्हणून पुण्यातल्या बालेवाडी क्रीडा संकुलाजवळ घर द्या, ही एक होती. ऑलिंपिक पदकविजेत्याला रेंजजवळ राहायला मिळावं असं त्याच्या घरच्यांना वाटतं. मग बालेवाडीपासून अडीचशेहून अधिक किलोमीटरवरच्या धाराशिवच्या मुलानं काय करावं? पन्नास मीटरची, इलेक्ट्रॉनिक टार्गेटची रेंज तालुक्या-तालुक्यात होणार नाही, ते मान्य. पण दहा मीटरची होऊ शकते. पन्नास फुटांच्या आसपास लांबीची बंद खोली, एका लेनला एक मीटर रुंदी, टार्गेटवर १५०० लक्सचा उजेड, मागं छर्रे अडवणारी भक्कम भिंत आणि एकच दार. लोडशेडिंगच्या गावात दोरीवर सरकणारी कागदी टार्गेटंच बरी. पट घटल्यानं रिकाम्या पडलेल्या शाळांच्या खोल्या, तालुका क्रीडा संकुलांतले वर्षातून चारदा उघडणारे हॉल, बाजार समितीचं एखादं पक्कं गोदाम. जिल्ह्यात अशा जागा आहेत. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आठही तालुक्यांत एकेक हॉल धरला, तरी त्याचा खर्च एका मोठ्या स्टेडियमच्या पासंगालाही पुरणार नाही.

जिल्हाधिकारी, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि जिल्ह्यातल्या नेमबाजी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना म्हणून एक मागणी आहे. सरकारी जागेत चालणाऱ्या प्रत्येक रेंजच्या दाराबाहेर एक फलक लावा. त्यावर संलग्नतेचा क्रमांक, फी, रिकाम्या जागा, आठवड्याचं वेळापत्रक, किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांची नावं आणि तक्रार कुठं करायची ते लिहा. हे काम या दिवाळीच्या सुट्टीतच करा, कारण शाळा उघडल्या की मुलं विचारायला येतील.